पाडा, पण आधी लिहून ठेवा

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या नौपाड्यातला आणखी एक बंगला गेला. कौलारू, पुढे ओटी, मागे विहीर, माडीवर जाणारा अरुंद लाकडी जिना. पाडकाम सुरू झाले त्या आठवड्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन पक्ष उभे राहिले. एक म्हणाला, ठाण्याचा आत्मा चालला. दुसरा म्हणाला, तुमच्या आत्म्याचा मेंटेनन्स कोण भरणार? दोन्ही वाक्ये टाळ्यांची होती. त्या गडबडीत फाटकाशी उभ्या असलेल्या टेम्पोकडे कुणाचे लक्ष गेले नाही. त्यात काचा फुटलेल्या तसबिरी होत्या, दोऱ्याने बांधलेल्या भाडेपावत्या होत्या, मेणकापडाच्या नळीत गुंडाळलेला एक नकाशा होता आणि लाल बासनात बांधलेले कसलेतरी दप्तर होते. मी टेम्पोवाल्याला विचारले, हे कुठे? म्हणाला, रद्दीत. लाकडाला गिऱ्हाईक होते, कौलांना होते, बिडाच्या कठड्याला तर दोन गिऱ्हाइके होती. कागद किलोवर गेले.

माझे म्हणणे एवढेच आहे की हा वाद चुकीच्या वस्तूवरून चालला आहे. बंगला ठेवायचा की पाडायचा, यावर आपण घसा कोरडा करतो, आणि बंगल्याबद्दल जे कळू शकले असते ते तेवढ्यात रद्दीत निघून जाते. पाडा, हरकत नाही. पण पाडकामाच्या परवानगीआधी त्या वास्तूची नोंद सक्तीची करा. मोजमापांचा एक साधा नकाशा, आतून-बाहेरून फोटो, मालकीची साखळी दाखवणाऱ्या जुन्या कागदांच्या प्रती, तिथे राहिलेल्यांकडे असलेल्या जुन्या फोटोंच्या प्रती आणि त्यांनी सांगितलेली दोन पाने. एक संच महापालिकेकडे, एक सार्वजनिक ग्रंथालयाकडे. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय उभे आहे. जागा शोधायला फार लांब जायला नको.

आधी समोरच्यांचे खरे ते मान्य करतो. ऑगस्ट २०१५ मध्ये याच नौपाड्यात, बी-केबिन भागात, जुनी इमारत मध्यरात्री कोसळली आणि माणसे झोपेत गेली. त्यानंतर इथल्या कुठल्याही रहिवाशाला 'जुने ते सोने' ऐकवण्याचा अधिकार मला आहे असे मी मानत नाही. वारशाचा कळवळा असलेल्यांपैकी बरेच जण (मीही त्यात आलो) गळक्या छपराखाली राहत नाहीत. पागडीच्या खोलीत चौथी पिढी वाढवणाऱ्या, सार्वजनिक नळावर बादली लावणाऱ्या माणसाला त्याच्या खिडकीच्या कमानीचे कौतुक सांगणे म्हणजे उपाशी माणसापुढे ताटाची नक्षी वाखाणणे आहे. विठ्ठल सायन्ना सिव्हिल हॉस्पिटलची जुनी इमारत नव्या रुग्णालयासाठी पाडली, तेव्हा कोण म्हणणार होते की खाटा नकोत, भिंती ठेवा?

शिवाय वास्तू टिकतात त्या सुंदर असतात म्हणून, हा समज ठाण्याने केव्हाच खोटा ठरवला आहे. पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला इथला किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी. आज तो बऱ्यापैकी उभा आहे, कारण त्याचा तुरुंग झाला. १८१६ मध्ये त्र्यंबकजी डेंगळे तिथून निसटले. १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे तिथेच फाशी गेले. भिंती तगल्या त्या कैद्यांच्या सोयीने, वारसाप्रेमींच्या नव्हे. कौपिनेश्वराचे घ्या. आज ज्या देवळाला आपण प्राचीन म्हणून हात जोडतो, त्याचा १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी जीर्णोद्धार केला. जीर्णोद्धार म्हणजे तरी काय? जुने उतरवून नवे चढवणे. आजच्या भाषेत रीडेव्हलपमेंटच. फरक इतकाच की कोणी केला, केव्हा केला, हे आपल्याला माहीत आहे. परवा पाडलेल्या बंगल्याबद्दल एवढेही कुणाला सांगता येणार नाही.

खणणे आणि पाडणे हे इतिहासाचे शत्रू असतात असेही नाही. १७८७ मध्ये ठाण्यात एका पायाचे खोदकाम चालू असताना ताम्रपट सापडले. शिलाहार राजा अरिकेसरीचे, शके ९३९ चे, म्हणजे १०१७ सालचे. ते तांबट आळीत वितळायला गेले असते तर कुणाला चुकल्यासारखेही वाटले नसते. पण ते जनरल कार्नाक यांच्यामार्फत कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीकडे गेले, रामलोचन पंडितांनी त्यांचा अर्थ लावला आणि सोसायटीच्या पहिल्याच खंडात, १७८८ मध्ये, भाषांतर छापून आले. श्रीस्थानक नावाची नगरी, तिच्या आसपासची गावे, राजांची वंशावळ हे सगळे त्यातून बाहेर आले. आणि त्या ताम्रपटात मुळात आहे काय? एका ब्राह्मणाला दिलेल्या जमिनीचे दानपत्र. कोणत्या गावाच्या पूर्वेला काय, पश्चिमेला काय, अशा चतुःसीमा. म्हणजे ज्यावरून आपण हजार वर्षांपूर्वीचे ठाणे ओळखतो, तो मालमत्तेचा दस्तच आहे. आज सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत बसलेला टंकलेखक 'पूर्वेस रस्ता, दक्षिणेस अमुक यांची मिळकत' असे बडवतो, तेव्हा तो अरिकेसरीच्या कारकुनाचेच काम करत असतो. मग १०१७ चा दस्त संग्रहालयात आणि १९२७ चा रद्दीत, हा न्याय कुठला?

यावर पहिले उत्तर ठरलेले असते: ठाण्याचा इतिहास गॅझेटियरमध्ये, म्हणजे सरकारने छापलेल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथात, आहे की! आहे. कॅम्पबेलने १८८२ मध्ये ठाणे जिल्ह्यावर जे खंड काढले, त्यांच्याइतके बारीक काम नंतर क्वचितच झाले. भाताच्या जातींपासून कोळ्यांच्या जाळ्यांपर्यंत त्यात सगळे सापडते. पण तो जिल्हा चालवायला बसलेल्या सरकारने स्वतःसाठी काढलेला हिशेब आहे. त्यात चरईतल्या एका घराची गोष्ट येत नाही. आणि १८८२ नंतर जे शहर घडले, त्याचे काय? १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, वागळे इस्टेट उभी राहिली, गावाकडून आलेली माणसे आधी चाळीत आणि मग सोसायटीच्या दोन खोल्यांत गेली. त्या काळाचे गॅझेटियर त्या सोसायट्यांच्या ट्रंकांमध्ये पडले आहे. आता पाडल्या जात आहेत त्या याच इमारती. ओटीवाले बंगले बोटांवर मोजण्याइतके उरलेत. साठ-सत्तरच्या दशकातल्या तीन मजली, बिनलिफ्टच्या, मोझेकच्या फरशीच्या इमारती रोज जातात आणि त्यांच्यासाठी हळहळायलाही कुणी येत नाही. त्यांना कुणी वास्तू म्हणतच नाही.

जुन्या फोटोंच्या बाबतीत तर आपण उलट्या टोकाला गेलो आहोत. फोटोंचे प्रेम ओसंडून वाहते, पण फोटो वाचायचा नाही. दर १६ एप्रिलला माझ्या फोनवर एकच चित्र किमान पाचदा येते: खाडीवरच्या कमानींच्या पुलावरून धूर सोडत चाललेली गाडी, खाली मथळा 'पहिली रेल्वे, बोरीबंदर ते ठाणे, १८५३'. आता जरा विचार करू. पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघाली आणि ठाण्याला थांबली. खाडी आहे ठाण्याच्या पुढे. खाडी ओलांडून कल्याणकडे जाणारा मार्ग सुरू झाला १ मे १८५४ ला. चित्र ठाण्याच्या खाडीपुलाचे असेल, तर ते पहिल्या गाडीचे असूच शकत नाही. त्या दिवशी गाडीला पुलावर जायचे कारणच नव्हते. हे कळायला इतिहासकार लागत नाही; ठाण्याहून कल्याणला एकदा लोकलने गेलेला कुणीही हे सांगू शकतो. तरी दरवर्षी चित्र येते आणि आपण त्याला 'लाइक'चा अंगठा देतो.

फोटो बोलतो, पण त्याला प्रश्न विचारावे लागतात. कोपऱ्यातल्या स्कूटरवर 'एमएच-०४' दिसत असेल तर फोटो १९८९ च्या आधीचा नाही, मग मागे कितीही जुना वाडा असो. दुकानाच्या पाटीवर सहा आकडी पिनकोड असेल तर साल १९७२ किंवा नंतरचे. पाटीवर 'ठाणा' आहे की 'ठाणे', खांबावर तारा किती, तलावपाळीच्या काठावर कठडा आहे की नुसता उतार, बायकांची नऊवारी संपून पाचवारी कुठे सुरू होते, या सगळ्या साक्षी आहेत. फोटोत मधोमध बसलेले यजमान सांगत नाहीत ते कडेला अर्धवट आलेली मोलकरीण सांगून जाते. हल्ली यंत्राकडून बनवून घेतलेले 'जुने ठाणे'ही फिरू लागले आहे; त्यात मासुंदा तलावाकाठी बग्ग्या धावतात आणि मागे युरोपातली घरे दिसतात. अशा काळात खऱ्या फोटोमागे कुठून आला, कुणाचा, कधीचा ही चार वाक्ये लिहून ठेवणे हा छंद राहिलेला नाही. दहा वर्षांनी खरे-खोटे ठरवायला दुसरे काही हाताशी नसेल.

दुसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो आणि तो घेणारे बहुधा वारशाच्या सभांना बोलावलेच जात नाहीत. ते म्हणतात, कागद म्हणजे मालकांचे सत्य. दस्तात घेणार-देणार दिसतात. भिंत बांधणारा गवंडी दिसत नाही. प्रॉपर्टी कार्डावर धारकाचे नाव असते, मागच्या खोलीत तीस वर्षे राहिलेल्या भाडेकरूचे नसते. बाईचे नाव सहसा दोनच वेळा येते: नवरा गेल्यावर वारस म्हणून आणि भावांना हक्कसोडपत्र लिहून देताना. फोटोही ज्यांच्याकडे स्टुडिओत जायला पैसे होते त्यांचेच. म्हणजे या नोंदी गोळा करून आपण पुन्हा नौपाड्याच्या बंगल्यांचाच इतिहास लिहिणार. राबोडीचा, महागिरीचा, चेंदणी कोळीवाड्याचा कुठे येणार?

खरे आहे. पण म्हणून कागद टाकून द्यायचा की तो नीट वाचायचा? सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' नावाचा एक रकाना असतो. जुन्या उताऱ्यांत कुळाचे नाव तिथे सापडते. कुळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारी कुळे मालक झाल्याचे मानले गेले. त्या सुमाराचे फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, काढून बघा: इतर अधिकारात दबून राहिलेले नाव एका नोंदीत वर सरकते आणि जुन्या जमीनमालकाचे नाव कंसात जाते. महाराष्ट्रातली एक मोठी उलथापालथ तलाठ्याच्या तीन ओळींत बसलेली आहे. हे कागद मालकाचे असतील, पण मालकाची मालकी कशी आली आणि कशी गेली, याचाही पुरावा त्यांच्यातच असतो. हक्कसोडपत्रावरचा बाईचा अंगठा ही तिच्याबद्दलची सगळी माहिती नव्हे, मान्य. पण तो कागद रद्दीत गेला की ती होती, आणि तिचा हिस्सा होता, हेही गेले.

शिवाय ठाणे कधी एका जमातीचे नव्हतेच. सिव्हिल हॉस्पिटलच्या परिसरात १८७९ चे सिनेगॉग आहे. कोकणात ज्यांना शनिवार तेली म्हणत, त्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंचे. त्यातली बरीचशी कुटुंबे इस्रायलला गेली. त्यांच्या घरांचे खरेदी-विक्रीचे दस्त, त्यांच्या लग्नाचे फोटो, शेजाऱ्यांच्या आठवणी एकत्र मांडल्या तर कोणत्या आळीत कोण कोणाचा शेजारी होता, हे कळेल. घरे तर केव्हाच गेली. उरले आहेत ते कागद आणि ऐंशीच्या पुढची काही माणसे.

कागदाने काय होते, हे बघायला खाडी ओलांडावी. नवी मुंबईबद्दल अजून एक वाक्य सर्रास ऐकू येते: नव्या शहराला कसला आलाय इतिहास? कोऱ्या पाटीवर काढलेले शहर. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना १९६५ मध्ये मांडली, १७ मार्च १९७० ला ते शहर वसवणारे सरकारी महामंडळ, सिडको, स्थापन झाले, आणि कहाणी तिथून सुरू झाल्यासारखी सांगितली जाते. पाटी कोरी होती का? तिच्यावर ९५ गावे होती. भातखाचरे होती, खाजणे होती, मिठागरे होती, खाडीवर पोट भरणारे आगरी-कोळी होते, बेलापूरच्या किल्ल्याचे बुरूज होते. ती जमीन घेताना सरकारने कागद केलेच. भूसंपादनाच्या निवाड्यात गट कोणता, क्षेत्र किती, झाडे किती, विहीर आहे का, हे सगळे लिहावेच लागते, कारण त्याचे पैसे द्यायचे असतात. आजच्या एखाद्या सेक्टरखाली कोणाचे शेत होते आणि बांधावर किती आंबे होते, हे ज्या कागदाने शेतकऱ्याची जमीन घेतली तोच कागद सांगतो.

आणि त्या माणसांनी कागदाचे मोल कुठल्याही संशोधकापेक्षा महागात शिकून घेतले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली भूमिपुत्र रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-नवघर परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. मग प्लॉट मिळवायला दाखवावे काय लागले? आजोबांच्या नावचा सातबारा, संपादनाची नोंद, वारस दाखला. ज्याच्या घरी पत्र्याच्या पेटीत कागद टिकले होते, तो रांगेत पुढे गेला. ज्याचे भिजले, ज्याचे हरवले, त्याने वर्षानुवर्षे खेटे घातले. तिथल्या गावठाणातल्या म्हाताऱ्यापुढे 'जुने कागद हा उच्चवर्णीयांचा छंद आहे' असे म्हणून बघा.

तिसरी भीती व्यवहारी माणसाची: कागद उघडे केले की भाऊबंदकी उकरून निघेल, जमिनीचे दलाल टपलेले आहेत. भीती खोटी नाही. पण जे उघडे पडेल म्हणून धास्तावतो, त्यातले बरेचसे आधीच उघडे आहे. सातबारा मोबाइलवर दिसतो. नोंदणी झालेल्या दस्ताची इंडेक्स टू, म्हणजे त्याचा गोषवारा, कुणीही फी भरून काढू शकतो. चालू वादाचे कागद बंद ठेवा, पन्नास वर्षांपलीकडचे खुले करा, एवढी मर्यादा आखता येते. उलट भांडणे कागद नसल्याने जास्त होतात. ठाण्यातल्या किती सोसायट्यांची जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर आहे, ते पुनर्विकासाच्या पहिल्या सभेत कळते. मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरने सही केली नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याची, सोय कायद्यात २००८ पासून आहे, पण अर्ज करायला बसले की मंजूर नकाशा, मूळ करार, जुना उतारा यांच्या शोधात समिती हवालदिल होते. इतिहासाची आवड असलेला आणि चार चौरस फूट जास्त मागणारा, दोघांनाही तेच बासन हवे असते. एकाला उशिरा कळते, एवढेच.

आणि खर्च? परवानग्यांच्या जंजाळात आणखी एक कागद? या आक्षेपाशी मला मनापासून सहानुभूती आहे. ना-हरकत दाखल्यांच्या फायली मीही वाहिल्या आहेत. म्हणूनच नवी समिती नको, नवे खाते तर मुळीच नको. तीस वर्षांपुढच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचे आहेच. ऑडिटर येतो, खांब मोजतो, प्रत्येक भेगेचा फोटो काढतो, नकाशा जोडतो. निम्मी नोंद तर तोच करतो. फक्त त्याला भेग दिसते, घर दिसत नाही. त्याच अहवालाला दहा फोटो, जुन्या कागदांच्या स्कॅन प्रती आणि रहिवाशांची दोन पाने जोडायला कितीसा खर्च येईल? मंजूर होणाऱ्या चटईक्षेत्राच्या मानाने तो चहापाण्यात जमा होईल. बासनात मोडी निघाली तर वाचणारेही आहेत. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते, परीक्षा घेते. शिकलेल्यांना वाचायला कागद मिळत नाहीत आणि कागद वाचणाऱ्यांपर्यंत पोचत नाहीत.

आमची स्वतःची इमारतही आता रांगेत आहे. सत्तरच्या दशकातली, तीन मजली. तिच्या ईशान्येच्या कोपऱ्यातली भेग दर पावसाळ्यात उघडते. तीन कंत्राटदारांनी ती तीनदा भरली, तिघांनीही पैसे घेतले, आणि ऑडिटरने 'जमीन खचण्याची शक्यता' असे लिहून सही केली. गेल्या सभेत 'ऐनवेळचे विषय' यात मी नोंदीचा मुद्दा काढला तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, आधी कॉर्पसचे (बिल्डरकडून मिळणाऱ्या रकमेचे) बोलू. पण दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या काकूंनी मला बोलावून एक फोटो हातात ठेवला. भूमिपूजनाचा. काका टोपी घालून नारळ फोडतायत, काकू कडेवरच्या मुलाला सांभाळत बाजूला उभ्या, मागे केळीची दोन झाडे. आणि केळींच्या मागे रहाट. म्हणजे विहीर. काकूंना विचारले तर म्हणाल्या, हो, होती की, गोडं पाणी होतं, बिल्डरने डबर टाकून बुजवली.

घराच्या कोपऱ्यापासून केळीपर्यंतचे अंतर फोटोवरून अंदाजाने मोजले. विहीर येते ती बरोबर त्या भेगेखाली. नव्या आर्किटेक्टच्या नकाशात तिथे चोवीस मजल्यांच्या टॉवरचा खांब दाखवला आहे. फोटोची एक प्रत त्याला दिली आहे. मूळ फोटो काकूंकडे आहे, त्यांनी तो द्यायला साफ नकार दिला.